मी गजेंद्रचा श्वास भरते

मी एक चेतापेशी बोलतेय, आणि तेही जरा दबकतच. रिसोडच्या रस्त्याला भाजीपाल्याचा मळा असलेल्या गजेंद्रच्या मानेत, मणक्याच्या पोकळीत माझं घर आहे. माझं अंग नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाही एवढंसं, पण शेपटी मात्र लांबलचक. ती मानेतून निघते, काळजाच्या कडेने खाली उतरते आणि छाती-पोटाच्या मधल्या पडद्यापाशी जाऊन संपते. शाळेच्या पुस्तकात त्या पडद्याला श्वासपटल म्हणतात. मी इशारा दिला की पडदा खाली ओढला जातो आणि गजेंद्रच्या छातीत हवा शिरते. श्वास भरणं एवढंच माझं काम. सोडणं माझ्याकडे नाही. भरलेल्या श्वासाचं त्याने पुढे काय करायचं, गाणं म्हणायचं की शिवी द्यायची, ते मला कोणी विचारत नाही.

मी एकटी नाही. माझ्यासारख्या हजारो बहिणी शेजारीच दाटीवाटीने राहतात. पण त्यांच्यात सगळ्यात भित्री मी. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तो आमच्या पाठी खरोखरच लागला. तीच हकिगत सांगायची आहे.

गजेंद्र जन्मला त्याच्या कितीतरी आधी मी तयार झाले. तो आईच्या, म्हणजे हौसाबाईच्या पोटात होता तेव्हापासून मी पडदा ओढायचा सराव करायची. तिथे हवा कुठली, सगळं पाणीच. तरी आम्ही सरावाला चुकलो नाही.

आणि ऐन वेळी घात झाला. बाळ बाहेर आलं आणि रडेचना. वरून, मेंदूच्या देठातून मला हुकूम यायला हवा होता, तो आलाच नाही. मी गप्प, पडदा गप्प. भागिरथा नावाची सुईण होती. तिने बाळाचे पाय धरले आणि तळव्यावर फाडकन चापट मारली. तळव्याच्या कातडीतल्या चेतापेशी किंचाळल्या, त्यांची किंचाळी पाठीच्या कण्यातून सरसर वर गेली, मेंदूचा देठ दचकला आणि त्याने माझ्यावर हुकूम सोडला. मी पडदा ओढला. गजेंद्र असा रडला म्हणे, की बाहेरच्या गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

तेव्हापासून माझ्या मनात एकच धास्ती आहे. वरून हुकूम आला नाही तर? किंवा मी हाक दिली आणि खाली कोणी ऐकलीच नाही तर?

माझी हाक म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. माझ्या अंगाभोवती पातळ कातडं आहे. मिठात असतं ते सोडियम मी या कातड्याबाहेर रोखून धरते आणि खतातल्या पोटॅशमध्ये असतं ते पोटॅशियम आत साठवते. कातड्यात बारीक पंप आहेत. गजेंद्र झोपला तरी ते सुरूच, त्यांना लोडशेडिंग ठाऊक नाही. अशी मी सतत ताणलेली असते. शेजारणी येऊन माझ्या कानाशी कुजबुजतात. काही म्हणतात ‘चल’, काही म्हणतात ‘थांब’. ‘चल’वाल्यांचा जोर पुरेसा झाला की माझ्या कातड्यातली बारीक दारं उघडतात, बाहेरचं सोडियम आत घुसतं आणि वीज उठते. एक दार उघडलं की शेजारचं उघडतं, मग त्याच्या पलीकडचं. अशी ती वीज शेपटीच्या टोकापर्यंत पळते. निम्मी हाक, हळू हाक असलं आमच्यात काही नसतं. दिली तर पुरी, नाही तर नाहीच.

टोकाला मात्र एक फट आहे. माझी शेपटी पडद्याला चिकटलेली नाही. फटीपाशी पोचले की मी चिमूटभर रसायन पलीकडे टाकते. पडद्याचा स्नायू ते टिपतो आणि आखडतो. आणि लगेच, अगदी लगेच, फटीतल्या झाडूवाल्या ते रसायन झाडून साफ करतात. पुस्तकवाले त्यांना विकर म्हणतात, मी झाडूवाल्या म्हणते. आठवडी बाजार उठल्यावर जागा झाडली नाही तर दुसऱ्या दिवशी पाय ठेववत नाही, तसंच हे. माझी जुनी हाक पुसली गेली तरच नवी हाक ऐकू जाणार. आयुष्यभर मी या झाडूवाल्यांकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. जे काम रोज होतं त्याची आठवण कोणाला असते?

गजेंद्रलाही माझी आठवण नसायची. मी त्याला शिव्या द्यायला श्वास दिला, वांग्याच्या वाफ्यातून वानरं हाकलायला दिला, विहिरीत मुटका मारताना छातीत कोंडून ठेवायला दिला. लग्नात अंतरपाट धरलेला असताना मला एकाएकी पेटका आला आणि नवरदेवाला उचकी लागली. बायका हसायला लागल्या, कोण आठवण काढून राह्यलं म्हणून. अंतरपाटापलीकडे साधनाही हसली. कोणीही आठवण काढत नव्हतं, मीच घाबरले होते. आणि रिसोडच्या बाजारात तो ज्या आवाजाने “सांबार घ्या, ताजा सांबार!” ओरडतो, त्या आवाजामागची हवा माझी आहे. त्याच्या कोथिंबिरीच्या जुड्या अर्ध्या या आवाजावरच खपतात.

साधना घरात आली आणि मळा हिरवागार झाला. ती पहाटे पालक-मेथी खुडायची, हा पाणी द्यायचा, हौसाबाई बांधावर बसून जुड्या बांधायची. मला बाहेरचं काही दिसत नाही. डोळ्याच्या, कानाच्या, नाकाच्या चेतापेशी मेंदूला बातम्या देतात आणि त्यातलं थोडंफार खाली आमच्याकडे झिरपतं. त्यावर आमचा संसार चालतो.

त्या बातम्यांत एक वास होता. सडक्या लसणासारखा. तो आला की नाकाच्या चेतापेशी कावऱ्याबावऱ्या व्हायच्या. गजेंद्र त्याला ‘दवाई’ म्हणायचा. वांग्याचा शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीवर मारायची ती दवाई. बादलीत पाणी, पाण्यात दवाई, आणि ढवळायला उघडा हात. काडीने ढवळ म्हणून साधना सांगायची, तर हा म्हणायचा, “काडीले का समजते मिसळलं का नाई? हाताले समजते.” हाताच्या कातडीतून ती दवाई आत यायची. थोडी यायची, झाडूवाल्यांपैकी काही जणींचे हात बांधले जायचे, त्याला जरा गरगरायचं, दोन दिवसांत नव्या झाडूवाल्या यायच्या. मी भ्यायचे आणि विसरायचे.

मग तो भादवा आला. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात, त्यांच्या नैवेद्याला सोळा भाज्या लागतात. त्या बाजाराला वांगं, भेंडी, दोडकं, काहीही न्या, हातोहात जातं. नेमकी त्याच वेळी वांग्यावर अळी पडली. किडकं वांगं महालक्ष्मीच्या ताटात कोण ठेवणार? गजेंद्रची झोप उडाली. दुकानातून त्याने अळीची एक दवाई आणली, माव्याची दुसरी आणली आणि दोन्ही एकाच बादलीत ओतल्या. वर सवयीने हात घालून ढवळल्या.

सकाळी जेवण न करताच तो फवारणीचा पंप पाठीला लावून वाफ्यात शिरला. पंपाचं झाकण पाझरत होतं, पाठ भिजत होती. तोंडाला दुपट्टा होता. पण दोन दवायांचा साका बसून नोझल तुंबायला लागलं आणि तुंबलं की हा दुपट्टा खाली ओढायचा, नोझल ओठाला लावायचा आणि फुंकर मारायचा. फुंकरीने नाही निघालं तर ओढून थुंकायचा.

त्या फुंकरीसाठी श्वास कोण भरत होतं? मीच. वरून हुकूम यायचा, मी भरायची.

मधे बांधावर बसून त्याने त्याच हातांनी खर्रा घोटला. आमच्या भागात सुपारी-तंबाखू-चुन्याचा खर्रा पन्नीत घोटून खातात, तुम्हाला ठाऊक असेलच. त्याने बोटांनी चिमूट गालात ठेवली. ओठ, जीभ, हात, पाठ, छाती, सगळ्या वाटांनी ती दवाई रक्तात उतरली आणि रक्त तर घरोघर जातं.

पहिल्यांदा डोळ्यांकडून बातमी आली, की अंधारून आलंय. दुपारचं ऊन डोक्यावर आणि याला अंधारून आलं, कारण डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. मग लाळ सुटली, नाक वाहायला लागलं, घामाने अंग निथळलं. तो कसाबसा घरापर्यंत आला आणि ओसरीवर आडवा झाला.

मला तेव्हाच कळलं होतं. फटीत मी हाक दिली आणि ती पुसलीच गेली नाही. झाडूवाल्या उभ्या होत्या, पण प्रत्येकीचे हात बांधलेले. माझं रसायन साचत चाललं. पडद्याला एकदा सांगितलेलं पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं, ‘आखड, आखड, आखड’. बिचारा थरथरत होता. मी थांबले तरी माझा आवाज थांबत नव्हता. त्यासारखी भीती मी दुसरी पाहिली नाही.

मला ओरडून सांगायचं होतं. पण मला एकच शब्द येतो आणि तोही फक्त पडद्याला कळतो.

ओसरीवर हौसाबाईने मुलाच्या तोंडाला लागलेला खर्रा पाहिला आणि कपाळाला हात लावला. “खर्रा लागला त्याले! सतरा खेपा सांगतलं, उपाशापोटी खात नोको जाऊ म्हून. साधना, लिंबू पिळ वं, ताक आन.”

तंबाखू जड झाली की घाम फुटतो, लाळ गळते, गरगरतं. आमच्याकडे हे पोराटोरांनाही माहीत. त्यात हौसाबाईचं काय चुकलं? शेजारच्या मळ्याचे बबनराव भाजीची चारचाकी घेऊन आले होते, त्यांनीही वाकून पाहिलं आणि तेच म्हणाले, “मले बी लागला होता तसाच, वयनी. घंटाभर निजू द्या त्याले. उतरते.”

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! लिंबू आलं, ताक आलं, पंखा लावला. अंगावरचा भिजलेला सदरा मात्र अंगावरच राहिला, आणि त्यातली दवाई पाठीतून आत येतच राहिली. छातीत पाणी भरायला लागलं. मेंदूच्या देठाकडून येणारे हुकूम तुटक झाले. एक यायचा, मग बराच वेळ काही नाही. मी कान देऊन बसले होते. ‘चल’ म्हणा, कोणीतरी ‘चल’ म्हणा!

आता मी एकटीच हैराण नव्हते. हातापायांच्या चेतापेशींचीही तीच गत. त्यांच्या फटी तुंबल्या आणि गजेंद्रच्या दंडाचं मांस कातडीखाली वळवळायला लागलं. मग छातीचं, मग पापणीचं. तो हलवत नव्हता, ते आपलं आपणच हलत होतं. आम्हा सगळ्यांची ती ओरड होती. तेवढीच आम्हाला बाहेर दाखवता येत होती.

साधना ताक पाजायला खाली बसली. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिची नजर दंडावर गेली. पेला तिच्या हातातच राहिला.

पुढचं तिने नंतर येणाऱ्या-जाणाऱ्याला इतक्या वेळा सांगितलं, की कानामार्गे मला ते पाठ झालं आहे. तिला वांग्याचा वाफा आठवला. फवारणी झाली की ती खाली पडलेल्या अळ्या वेचून कोंबड्यांपासून दूर टाकायची. दवाई लागलेली अळी लगेच मरत नाही. ती पानावरून मातीत पडते आणि तिचं अंग जागच्या जागी वळवळतं. पुढे जात नाही, मागे जात नाही, नुसतं आतून थरथरतं. मग हळूहळू ढिलं पडतं.

“आत्याबाई,” साधना म्हणाली, “हे पायजा. यायचं आंग पाहा कसं वळवळून राह्यलं.”

“घामानं हीव भरलं आसन वं.”

“हीव नाई आन खर्राबी नाई. वांग्यावरची अळी फवारल्यावर अशीच करते. तेच झालं यायले. दवाई लागली!”

बबनराव म्हणाले, “अवं वयनी, आपुन सारेच फवारतो. असं कायले होईन?”

साधनाने गजेंद्रचा सदरा टराटरा फाडला, घागरीचं पाणी त्याच्या पाठीवर ओतलं, हाताला लागला तो साबण फासला आणि ओरडली, “बबनभाऊ, जुड्या उतरवा खाली न् गाडी काढा. त्या दवाईच्या शिशाबी घ्या संगं, दोन्ही!”

मला ती दिसली नाही, पण पाठीच्या कातडीने त्या थंड पाण्याची बातमी आणली आणि मी धीर धरला. अळीला आणि आम्हाला एकच दवाई का बाधते, हे मला तेव्हा कळलं. अळीच्या अंगातही आमच्याच नात्यातल्या चेतापेशी आहेत. त्यांच्या फटीतही झाडूवाल्या आहेत. दवाईला माणूस कोण आणि अळी कोण ते समजत नाही. गजेंद्रने वर्षानुवर्षं आमच्या लांबच्या बहिणींना तडफडवलं होतं, आणि आज त्यांच्याच तडफडीने त्याच्या दुखण्याची खूण पटली.

रिसोडच्या वाटेवर त्याच्या तोंडाला फेस आला. गाडीच्या मागच्या हौद्यात, सांबाराच्या पाल्यावर तो पडला होता आणि साधना त्याला कुशीवर धरून होती. “श्वास घ्या, अवो, श्वास घ्या ना,” असं ती कानात म्हणत होती. कान ऐकत होते. मेंदूच्या वरच्या भागात ते पोचलं आणि त्याने जीव खाऊन हुकूम सोडला. मी हाक दिली. पडदा हलला, पण अगदी थोडा. तोवर तो थकून गेला होता. सतत ओरडा ऐकून माणूस जसा बहिरा होतो तसा तो बहिरा झाला होता. मी हाका देत होते आणि खाली कोणी ऐकत नव्हतं. जन्मापासूनची माझी धास्ती समोर येऊन उभी राहिली.

रिसोडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पापणी उघडून बाहुली पाहिली, शिशा पाहिल्या आणि धावपळ सुरू झाली. सुयांमागून सुया. एका औषधाने लाळ-घाम आटला, काळीज ताळ्यावर आलं. पण त्याचा माझ्या फटीत उपयोग नव्हता. दुसरं औषध झाडूवाल्यांचे हात सोडवण्यासाठी होतं. काहींचे सुटले, बऱ्याच जणींचे नाही. मग घशातून नळी घातली आणि गाडीने वाशीमला नेलं. तिथे एका यंत्राला त्याची छाती जोडली.

आता यंत्र हवा ढकलत होतं. छाती वर यायची, खाली जायची, आणि त्यात माझा काही हात नव्हता. जन्मल्यापासून एक श्वासही माझ्यावाचून झाला नव्हता, आणि आता सगळं माझ्यावाचून चाललं होतं. वरून हुकूम नाही, खाली ऐकणारा नाही. मी पंप चालू ठेवले, सोडियम बाहेर रोखलं आणि तशीच ताणून बसून राहिले. काय सांगू, तिथे सगळ्या बाजूंनी इतकं शांत होतं, की आपण मेलो आहोत की काय असं वाटायचं. आम्ही मेलो तर आमच्या जागी नवीन कोणी येत नाही. झाडूवाल्या नव्या होतात, चेतापेशी होत नाहीत. जितकं गजेंद्रचं वय तितकंच आमचं, आणि शेवटही बरोबरच.

बाहेर साधना होती. ती त्याच्या तळव्याला तेल चोळायची. भागिरथाने चापट मारली होती त्याच तळव्याला. तिथल्या चेतापेशी ती बातमी वर पाठवायच्या, आणि एक दिवस मेंदूच्या देठाने डोळे किलकिले केले. वरून ‘चल’ आलं. फार क्षीण होतं ते. मी हाक दिली. फटीत नव्या झाडूवाल्या आल्या होत्या. त्यांनी ती हाक लगेच पुसली. पडद्याने ऐकलं आणि कुरकुरत का होईना, तो खाली सरकला. यंत्राच्या श्वासांच्या मधे एक श्वास गजेंद्रचा स्वतःचा झाला. नर्सबाई म्हणाल्या, “बाई, पेशंट श्वास ओढून राहिला बरं का.” साधना भिंतीला टेकून रडली.

नळी निघाली, गजेंद्र घरी आला. त्या वेळच्या महालक्ष्म्या आमच्या घरी बसल्या नाहीत, हौसाबाईने नुसती हळद-कुंकवाची पूजा केली. ती वांगी साधनाने कोणाला विकू दिली नाहीत. झाडांसकट उपटून बांधाला गाडली.

आता तुम्हाला वाटेल, इथे गोष्ट संपली. पण माणसाची जात! गावात सगळे म्हणतात, “गजेंद्रले खर्रा लागला होता.” बबनरावही तसंच म्हणतात, स्वतः गाडी हाकून नेली तरी. आणि गजेंद्रही मान हलवतो. त्याने देवापुढे नारळ फोडून खर्रा सोडला, लोकांनी वाहवा केली. दवाईचं नाव कोणी काढत नाही. मला आधी याचा राग यायचा. मग समजलं, तीही भीतीच आहे. खर्रा सोडता येतो. मळा कसा सोडायचा? ज्याच्यावाचून चालायचं नाही, त्याला दोष द्यायची माणसाची हिंमत होत नाही.

साधना एकटी वेगळं म्हणते, पण भांडत नाही. तिने घरात त्याचं नावच ‘अळी’ ठेवलं आहे. “माही अळी जेवली का?” म्हणते आणि हसते. तोही हसतो. त्याच्या पंपाच्या पट्ट्याला तिने सुतळीने दात घासायचा जुना ब्रश बांधला आहे, नोझल साफ करायला. हातमोजे आणून खुंटीला लावले आहेत. ते अजून खुंटीलाच आहेत.

काल तो मिरचीच्या वाफ्यात होता. पाठीवर पंप, नाकात तोच सडक्या लसणाचा वास. नोझल तुंबलं. सवय अशी, की डोकं विचार करायच्या आत हात नोझल काढतो. दुपट्टा खाली आला. बोटांच्या चेतापेशींनी कळवलं, की नोझल ओठाकडे चाललंय. आणि वरून मला हुकूम आला: मोठा श्वास भर.

मी काय करणार? मला ‘नाही’ म्हणता येत नाही. हाक उठली आणि पडदा खाली सरकायला लागला. हवा आत येत होती, त्या हवेत तो वास होता, आणि मी भरत होते. ज्या श्वासाने मागच्या खेपेला घात केला, तसाच श्वास मी स्वतः भरत होते.

तेवढ्यात धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हाक आली. “ओ अळी!”

कानांनी ती झेलली. ती वर गेली आणि वरून ‘थांब’ उतरलं. माझ्या सगळ्या शेजारणी एकदम ‘थांब, थांब’ म्हणायला लागल्या. मी गप्प झाले. आयुष्यभर मला ‘थांब’ या शब्दाची धडकी भरायची, त्यात मला मरण दिसायचं. काल तो मला गोड लागला.

अर्धा श्वास छातीत घेऊन गजेंद्र उभा राहिला. नोझल ओठांपासून बोटभर दूर. मग ओशाळून म्हणाला, “बरस कुठी हाय वं?”

“तुमच्या पट्ट्यालेच तं बांधला!” साधना म्हणाली. विळा तिच्या हातात होता आणि आवाज कापत होता. कापणारा आवाज म्हणजे काय ते मला माहीत आहे. तिच्या मानेतही माझ्यासारखीच कोणीतरी बसली आहे, तितकीच भ्यालेली.

त्याने ब्रशने नोझल साफ केलं आणि तो अर्धा श्वास हसण्यात घालवला.

माझी एक विनंती आहे. ती गजेंद्रला करायची होती, पण त्याच्या कानापर्यंत जायची माझी वाट नाही. म्हणून तुम्हाला सांगते. रिसोडच्या बाजारात सांबाराचा हिरवा ढीग लावून सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडणारा एक माणूस दिसेल. त्याच्याकडून जुडी घ्या, आणि पिशवीत टाकता टाकता त्याला सांगा, की तुझ्या मानेत कोणीतरी आहे, तिला तुझ्यावाचून दुसरं घर नाही. हातमोजे घाल म्हणावं. नोझल तोंडाला लावू नको म्हणावं. हसला तर हसू द्या, पण सांगा.

आणि जरा लवकर सांगा. उद्या टमाट्यावर फवारणी आहे, आणि उद्या साधना बाजाराला जाणार आहे. धुऱ्यावर हाक मारायला कोणी नसेल.